दत्तानं रेस सोडली नव्हती

धरण भरत असतं तेव्हा आमचं सगळं शहर त्याच्याकडं डोळे लावून बसलेलं असतं. पेपरात रोज टक्के येतात. चहाच्या टपरीवर अनोळखी माणूस अनोळखी माणसाला विचारतो, "नाथसागर किती झाला?" उतरत असताना मात्र कुणी विचारत नाही. दिवाळी होते, थंडी पडते, पाणी कालव्यांतून, पाइपांतून, उन्हातून गुपचूप जायला लागतं आणि काठ मागं सरकतो. उरतो तो चिखल. काळा, लोण्यासारखा, पाय धरून ठेवणारा. त्याला एक वास असतो: कुजलेलं शेवाळ, शिंपल्यात मेलेला जीव, ओलं लोखंड. बजाजनगरातलं माझं घर त्या काठापासून लांब आहे, वास इथवर यायचं कारण नाही. तरी या दिवसांत सकाळी नळाला पाणी आलं आणि पिंपात धार पडायला लागली की मला तो येतो. बायको, सुनंदा, म्हणते, "काही नाही हो, पिंप घासायला झालंय." ती पिंप घासते. मी गप्प राहतो.

गप्प राहणं माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य गेलं. मशिनांच्या गोंगाटात बोलून उपयोग नसतो. हातवारे पुरतात, मान हलवणं पुरतं. घरीही मी तसाच राहिलो आणि लोक म्हणायचे, शांत माणूस आहे. शांत वगैरे काही नव्हतो. माझ्याकडं एक गोष्ट होती आणि तोंड उघडलं तर तीच बाहेर येईल अशी भीती होती.

पाणी पुन्हा उतरायला लागलं आहे. याच हंगामात माझा साडू दत्ता कोर्टात उभं राहून कबूल करणार होता की त्याच्या हातून एक माणूस मेला. तो त्याच्या हातून मेला नव्हता. हे मला माहीत होतं, आणि फक्त मलाच माहीत होतं.

*

ती बोट ट्रकवरून आली, ताडपत्रीखाली, कोकणातल्या कुठल्याशा खाडीवरून. ताडपत्री काढली तर तळाला मीठ पांढरं फुटलेलं आणि सीटच्या फटींत वाळू. दत्तानं बोटावर मीठ घेऊन जिभेला लावलं. "साडूभाऊ, समुद्र घरी आणला बघा!" शेंद्र्याची त्याची जमीन नव्या कारखान्यांत गेली होती, ज्या बांधावर त्याचा बाप बैल चारायचा तिथं आता कंटेनर उभे राहतात. दत्ताला नोकरी नको होती, दुकान नको होतं. विहिरींत सूर मारत वाढलेला माणूस, त्याला पाण्यावरच काहीतरी करायचं होतं. नाथसागराच्या फुगवट्यावर, धरणामागं पसरलेल्या पाण्यावर, जिथं हिवाळ्यात परदेशी पाखरं उतरतात आणि शहरातली माणसं हुरडा खायला येतात, तिथं लोकांना फिरवून आणायचं, एवढंच त्याचं स्वप्न.

या बोटीला पंखा बाहेर नसतो. सगळं पोटात. बुडाखालच्या तोंडातून ती पाणी ओढते आणि मागून जोरात फेकते. त्या धारेच्या जोरावर पळते, आणि धारेचं तोंड फिरवलं की वळते. इंजिन थंड ठेवायलाही तेच ओढलेलं पाणी. विकणाऱ्यानं जाताना दत्ताला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: काही झालं तरी वळताना रेस सोडू नका. गाडीवर माणूस घाबरला की आधी रेस सोडतो. इथं रेस सोडली की धार तुटते, धार तुटली की स्टिअरिंग मेलं, आणि ब्रेक तर या बोटीला नसतोच. दत्तानं ते मंत्रासारखं घेतलं. मोटारसायकलवर मागं बसलेल्या मलाही वळणावर ऐकवायचा, "रेस सोडायची नाय, साडूभाऊ!"

नंबरप्लेटा रंगवणाऱ्याकडून त्यानं बोटीवर नाव घालून घेतलं, 'मंगल'. ते त्याच्या बायकोचं नाव, म्हणजे माझ्या मेव्हणीचं. पुढं तिला त्याचा फार पस्तावा झाला. दर आठ-पंधरा दिवसांनी दत्ताचा मला फोन यायचा, "साडूभाऊ, मंगलला ताप आला हो," आणि पाठीमागून मेव्हणीचा आवाज, "अवो, नाव बदला त्या बोटीचं! अख्खी गल्ली विचारायली मला तब्येत!"

*

हसण्याचेच दिवस होते ते, हे मान्य केलं पाहिजे. थव्यानं बसलेली गुलाबी पाखरं, त्यांचा दुरून येणारा बडबडीचा आवाज, कोवळ्या ज्वारीच्या कणसांचा धूर, गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या हुरड्याचे गरम दाणे तळहाताला चिकटलेले. थंडी अशी की पाण्यावर वाफ. त्या वाफेतून पहिली फेरी निघायची तेव्हा दत्ताच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी कुठल्याही पगारात, कुठल्याही बढतीत पाहिलेलं नाही.

आणि ती बोट सारखी बंद पडायची. आधी पोटात पाणी शिरायला लागलं. पंखा फिरवणाऱ्या दांड्याजवळचं सील गेलं होतं. तसं सील इथं कुठं मिळणार? मी विहिरीवरच्या जुन्या पंपाला भरतात तशी ग्रीस लावलेली दोरी भरली. थोडे दिवस चाललं. मग गाळातल्या खड्यांनी आतला पंखा खाऊन टाकला. मी तो ओळखीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून भरून घेतला; त्याचा तोल साधून घ्यायला हवा होता, घेतला नाही. मग बोट अशी थरथरायला लागली की बसणाऱ्यांचे दात वाजायचे. लोकांना वाटायचं थंडीनं वाजतात. त्या थरथरीत बेअरिंग गेलं. बेअरिंग बदललं, थरथर तशीच ठेवली.

दर दुरुस्तीनंतर दत्ता काठावर उभा राहून लोकांना सांगायचा, "आमचे साडूभाऊ इंजिनिअर हायेत कंपनीत. हाताला गुण हाय." मी इंजिनिअर नव्हतो. हाताला गुणही नव्हता. पण ते ऐकायला बरं वाटायचं, आणि बरं वाटायचं म्हणून मी कधी म्हणालो नाही की दत्ता, हे यंत्र मला कळत नाही. आमच्यापैकी कुणालाच ते कळत नव्हतं. आम्हाला शेतपंप कळत होता. आम्ही ठरवून टाकलं की ही म्हणजे पाण्यात आडवी झोपवलेली मोटर, दुसरं काय.

*

गंगाराम तिथला मासेमार. जाड थर्माकोलचे ठोकळे खताच्या गोण्यांत गुंडाळून, दोरानं आवळून केलेला त्याचा तराफा; त्यावर मांडी घालून बसायचा आणि हातातल्या फळकुटानं पाणी मागं सारत यायचा. बोट मधेच बंद पडली की आम्ही शिट्टी मारायच्या आतच तो निघालेला असायचा, मनगटाला दोर गुंडाळून. "आलो, आलो," असं लांबूनच म्हणत. जवळ आला की टोमणा ठरलेला. "काय शेट, नवरी रुसली का आज?"

"रुसली बाबा," दत्ता म्हणायचा.

"लई नाजूक हाय. आमचं थर्माकोल बघा. ना ताप, ना सर्दी."

"तुझ्या थर्माकोलवर पाहुणे बसतील का?"

"बसत्याल की. पोहता येत असलं म्हंजी झालं!"

मग तो दोर बांधायचा आणि ती चकचकीत बोट त्या गोण्यांच्या ढिगामागं मुकाट काठाला यायची. दत्ता त्याला चहा पाजायचा. त्याची बायको गयाबाई काठावर जाळं निवडत बसलेली असायची, ती मान वर न करता म्हणायची, "रोजची वरात बाई ह्येंची." आम्ही सगळे हसायचो. बोट बंद पडणार, गंगाराम येणार, ओढून नेणार. ही आमची व्यवस्थाच होऊन बसली. नादुरुस्तीची इतकी सवय झाली की तिची भीती गेली.

*

पाणी उतरलं की शेवाळ आणि जलपर्णी वर येते. बोटीचं तोंड ते ओढून घ्यायचं आणि घुसमटायचं. बुडाला मुळात सळ्यांची एक चौकट होती, बोटाच्या जाडीएवढ्या अंतरावर सळ्या. मला वाटलं, फटी मोठ्या आहेत म्हणून कचरा आत जातो. विहिरीत मोटर सोडताना आपण तोंडाला बारीक जाळी बांधतो, तशी बांधू. पडेगावला रफिकभाईचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्याच्याकडून चौकट करून घेतली आणि तिला बारीक जाळी ठोकून घेतली. त्यानं ती उचलून उजेडासमोर धरली आणि म्हणाला, "नाव कू मच्छरदानी लगारे क्या साब?" दत्ता खो खो हसला. मीही.

जाळीमुळं कचरा आत जायचा बंद झाला. तो जाळीवर बसायला लागला.

आणि डॅशबोर्डखाली एक बजर होता. इंजिन तापलं की किरकिरायला लागायचा, कानात सुई घातल्यासारखा. जाळी लावल्यापासून तो जास्तच वाजायला लागला. मला कळलं नाही असं म्हणायची सोय आहे. वकीलही म्हणाले असते, तसंच सांगा. पण मला कळलं होतं. पुसट का होईना, कळलं होतं की जाळी भरते, पाणी कमी येतं, इंजिन तापतं. जाळी काढायची म्हणजे बोट ट्रॅक्टरनं वर ओढायची, तिरपी करायची, बोल्ट खोलायचे. एकदा बजर वाजायला लागला तो सुट्टीचा दिवस होता, हुरड्याची गर्दी होती, काठावर माणसं पोराबाळांसह वाट बघत उभी होती. मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं, बजरची वायर ओढून काढली आणि तिला टेप गुंडाळला.

किरकिर थांबली.

"झालं?" दत्तानं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

कारखान्यात याला बायपास मारणं म्हणतात. दरवाजा उघडा असेल तर मशिन थांबावं म्हणून सेन्सर असतो. सेन्सर उगाच त्रास देतो, लाइन थांबते, वरून साहेब ओरडतो. मग मेंटेनन्सवाला एक वायरचा तुकडा जोडतो आणि मशिनला वाटतं सगळे दरवाजे बंद आहेत. वर्षानुवर्षं चालतं. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही, मलाही वाटलं नाही. उलट जो लवकर बायपास मारतो तो हुशार. आणि ऑडिट येणार असलं की आदल्या दिवशी सगळे बायपास काढून टाकायचे, सगळं कंपनीतून आल्यासारखं करायचं. ऑडिट गेलं की पुन्हा लावायचे. माझ्या हातांना हे इतकं पाठ होतं की त्यात डोक्याचं काम उरलंच नव्हतं.

*

अपघाताच्या सकाळी मी काठावर होतो. ऊन नुकतं तापलं होतं. दत्ता एका कुटुंबाला पाखरं दाखवून परत येत होता, वेगात, कारण परत येताना लोकांना वेग आवडतो. मी पाठ करून हात पुसत होतो. जे झालं ते मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

आवाज आधी चढला. ओढायला पाणी मिळेना की पंप मोकळाच फिरतो आणि इंजिन बेफाम होतं, बारीक, किंचाळल्यासारखं. मग एक घरघर. मग काही नाही. रेस सोडली असती तर आवाज बसला असता, दमलेला माणूस खुर्चीत बसावा तसा. हा बसला नाही. हा चढला आणि मेला. इतकी वर्षं मशिनांत काढल्यावर एवढं तर कळतंच. मी वळलो तेव्हा बोट अजून वेगातच होती, पण धार नव्हती तिच्यामागं. दत्ता स्टिअरिंग गरगर फिरवत होता आणि बोट सरळच येत होती.

आणि समोरून गंगाराम निघाला होता. इंजिन बंद पडल्याचं त्यानंही ऐकलं होतं. त्याच्या लेखी बंद पडलेली बोट म्हणजे उभी राहिलेली बोट. मनगटाला दोर गुंडाळून, फळकुटानं पाणी सारत, तो नेहमीसारखा आमच्या मदतीला येत होता. "आलो, आलो," हेही मी ऐकलं.

त्यापुढचं मी लिहू शकत नाही, आणि लिहून कुणाचं काही भलं होणार नाही. गंगारामला बाहेर काढलं तेव्हा दोर मनगटालाच होता. दत्तानं उडी मारून त्याला वर आणलं होतं. गयाबाई पाण्यात छातीपर्यंत उभी होती. कुणाच्या तरी जीपमध्ये त्याला घातलं. दत्ता ओल्या कपड्यांनी तसाच आत चढला, काठावरची सगळी माणसं मागं गेली, फिरायला आलेलं ते कुटुंब एका झाडाखाली एकमेकांना धरून बसलं होतं.

बोट लोकांनी काठावर ओढून ठेवली होती, एका अंगावर कलंडलेली. जाळी वर आली होती. तिच्यावर शेवाळाचा थर असा बसला होता, ओल्या गोधडीसारखा, की सळ्यासुद्धा दिसत नव्हत्या. मी पान्हा घेतला. बोल्ट खोलले. जाळी गोणीत घातली. डॅशबोर्डखाली डोकं घालून टेप सोडवला आणि बजरची वायर जागेवर बसवली.  ऑडिटच्या आधी करतात तसंच मी सगळं कंपनीतून आल्यासारखं केलं. गोणी नंतर कारखान्याच्या भंगारात मिसळून गेली.

पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, "यंत्रात काही बिघाड होता का?"

मी म्हणालो, "मेंटेनन्स मीच बघतो. यंत्र ओके होतं." आणि तो लिहीत असताना, त्यानं न विचारता, मी पुढं म्हणालो, "घाबरून रेस सोडली असेल त्यानं. रेस सोडली की ही बोट वळत नाही."

ते वाक्य माझं आहे. मी 'असेल' म्हणालो होतो. काठावरच्या माणसांनी ते उचललं तेव्हा 'असेल' गळून पडलं. उजव्या हातानं पुढं दाबून ठेवायचा तो रेसचा दांडा मागं आलेला सापडला. धडकेत दत्ताच्याच अंगाचा रेटा लागून आला असणार, किंवा उडी मारताना त्यानं ओढला असणार. कुणालाच आठवत नव्हतं, दत्तालाही नाही. आठवत नसलेल्या जागेत माझं वाक्य जाऊन बसलं आणि काही दिवसांनी त्यालाही तेच आठवायला लागलं.

*

तेव्हापासून दत्ता उजव्या हाताशी वैऱ्यासारखा वागतो. चहाचा पेला असा आवळून धरतो की बोटं पांढरी होतात. मोटारसायकल चालवत नाही. एका दिवाळीत दोघं फराळाला आमच्याकडं आले होते तेव्हा त्याच्या हातून लाडू निसटून खाली पडला; सगळे हसले, आणि त्यानं तो हात उचलून दारच्या चौकटीवर आपटला. पुन्हा आपटला. "सुटतोच हा. मेला सुटतोच." मेव्हणीनं रडत त्याचा हात धरला. सुनंदा हळद आणायला धावली. मी माझ्या ताटाकडं बघत बसलो होतो. चिवड्यातला एक एक शेंगदाणा बाजूला करत होतो.

बोलावंसं वाटलं नाही असं नाही. पहिल्या हंगामात वाटलं, पंचनामा जुना होऊ दे. दुसऱ्यात वाटलं, आता बोललो तर पहिल्यांदा का नाही बोललास असं विचारतील. आणि असंच. न बोलण्याला दर वर्षी एक नवं कारण मिळत गेलं आणि जुनीही कायम राहिली. मधल्या काळात कारखान्यात मला सुरक्षेचं काम दिलं. नव्या पोरांना मी शिकवतो, बायपास मारू नका. ती माना डोलावतात. मला वाटतं त्यांच्यातला एखादा माझ्या तोंडाकडं बघून ओळखेल. अजून कुणी ओळखलेलं नाही.

पाणी उतरलं की जी जमीन उघडी पडते तिच्यात गाळपेर करतात. नांगर लागत नाही, खत लागत नाही. ओल्या गाळावर हरभरा नुसता हातानं फोकायचा, फेकत जायचं. गयाबाई आता मासे सोडून तेच करते. आणि दर हिवाळ्यात दत्ता तिच्या तुकड्यावर जाऊन राबतो. पहिल्या वर्षी तिनं त्याच्यावर चिखल फेकला होता म्हणे. दुसऱ्या वर्षी काही बोलली नाही. तिसऱ्या वर्षी त्याच्यासाठी भाकरी बांधून आणली. आता ती त्याला भाऊ म्हणते.

*

या दिवाळीनंतर दत्ता माझ्याकडं आला, दारातच उभा राहिला. "साडूभाऊ, ठरवलं. येत्या तारखेला कबूल करून टाकतो. वकील नको म्हणतोय. पण कितींदा त्या गयावैनीला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावायच्या? हात माझा सुटला. शिक्षा होईल ती होईल."

मी म्हणालो, "बस, चहा घे."

तो गेल्यावर सुनंदानं विचारलं, "तुम्ही काहीच कसं म्हणाला नाहीत?" मी तिला तेव्हाच सांगितलं, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. ती ओट्याला धरून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्या बहिणीच्या घरात तुम्ही जेवलात हो. दर सणाला जेवलात." मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी काठावर गेलो. धुकं होतं, पाखरांचा तोच गलका होता. दत्ता पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओंजळीनं हरभरा फोकत होता. गयाबाई लांब पाण्याच्या बाजूला. मी चिखल तुडवत त्याच्यापर्यंत गेलो आणि सगळं सांगितलं. जाळी, बजर, गोणी, पंचनाम्यातलं ते वाक्य. मला वाटलं होतं सांगताना रडू येईल. आलं नाही. रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं.

 मग त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजी मी दाबलेलीच व्हती?"

"दाबलेलीच होती."

"शेवटपोत्तर?"

"आवाज चढला होता, दत्ता. मी ऐकला. तू रेस सोडली नव्हतीस."

त्यानं उजवा हात पुढं धरला. तळव्याला हरभऱ्याचे दाणे चिकटले होते. तो त्या हाताकडं असा बघत होता, जणू कुणी तो उसना नेला होता आणि आत्ता आणून दिला.  "तुम्ही बघायलते," तो म्हणाला. "मी हा हात चौकटीवर आपटला, तव्हा तुम्ही तिथंच बसलेलते. चिवडा खायलते." इतक्या रागातही त्यानं मला 'तुम्ही'च म्हटलं. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो वळला आणि चिखलातून पडत-झडत गयाबाईकडं धावला. ओरडत होता, "वैनी! वैनी, माझा हात नव्हता सुटला!"

मी मागं मागं गेलो. ती टोपली कमरेला धरून उभी होती. दत्ता हुंदके देत सांगत होता, अर्धं कळत होतं, अर्धं नाही. ती त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती. त्याचं संपल्यावर ती मला म्हणाली, "ते तुमच्याच मदतीला आलते ना?"

"हो."

"आन् तुम्हाला ठावं व्हतं, बोट खराब हाय."

"हो."

"मंग मला कशाला सांगता? जिथं लिहून घेत्यात तिथं सांगा."

मी तसं केलं. वकिलाकडं गेलो, मग जिथं जायचं तिथं गेलो आणि वाक्यावाक्याला सही केली. दत्तानं कबुली दिली नाही. तारीख पुढं गेली आहे. माझं पुढं काय होईल ते वकील नीट सांगत नाही. कारखान्यात कळवलं आहे, त्यांनी घरी थांबायला सांगितलं. सुनंदा माझ्यापुढं ताट ठेवते आणि बाहेर जाऊन बसते. दोघी बहिणींचं बोलणं बंद आहे. तो हात आता कसा आहे, हे मला विचारायचं आहे, पण दत्ता माझा फोन घेत नाही.

घरी बसवेना म्हणून परवा पुन्हा गाळपेरीवर गेलो. पाणी आणखी मागं गेलं होतं, नवा चिखल उघडा पडला होता. दोघंही तिथं होते. दत्ता आता कशासाठी येतो, मला माहीत नाही. तो आला होता आणि फोकत होता. मला वाटलं, आपणही उतरावं, काही बोलू नये, ओंजळ भरून घ्यावी. मी कडेला चपला काढल्या, पँट दुमडली आणि एक पाय चिखलात ठेवला.

गयाबाईनं तिथूनच हात वर केला. ओरडली नाही. पण वारा तिच्याकडून माझ्याकडं वाहत होता, सगळं नीट ऐकू आलं.

"दत्ताभाऊ येत्यात, येऊ द्या. तुम्ही नका येऊ."

दत्तानं वर पाहिलं नाही. मी पाय काढून घेतला. गवताला पुसला. चपला घातल्या आणि रस्त्याकडं चालायला लागलो.